पेल्यातली चेरी

केकच्या माथ्यावर, आइसक्रीमच्या पेल्यात, मसाला पानाला टोचलेल्या काडीच्या टोकावर एक लालभडक, गोडमिट्ट आणि दाताखाली किंचित चिवट लागणारे फळ आपण सर्वांनीच खाल्ले आहे. त्याला आपण चेरी म्हणतो. मुले ते सर्वांत आधी खातात, मोठी माणसे बाजूला काढून शेवटी खातात, आणि ते मुळात कशाचे आहे याची चौकशी सहसा कोणी करीत नाही. चौकशी केली तर कळते, की आपल्या देशात अशी जी चेरी विकली जाते, तिच्यातली पुष्कळशी मुळी चेरीच नव्हे. ते आपले करवंद आहे. बी काढून, मिठाच्या पाण्यात मुरवून, लाल रंगात बुडवून आणि साखरेच्या पाकात घोळवून ते चेरी या नावाने बाजारात उभे राहते.

हे प्रथम कळले तेव्हा मला हसू आले, आणि थोडा रागही आला. पण पुढे या फळाचा इतिहास वाचत गेलो, तसा माझा राग मावळला. कारण करवंदाने ज्या चेरीचे सोंग घेतले आहे, ती चेरी स्वतःच दुसऱ्या एका चेरीचे सोंग घेऊन बसलेली होती. सोंगाखालचे सोंग असे काढीत मागे गेले, म्हणजे आपण आड्रियाटिक समुद्राच्या काठावरच्या एका जुन्या बंदरात जाऊन पोचतो. तिथे हे फळ खरे होते आणि त्याचे नावही खरे होते. माझ्या वाचकांपैकी अनेकांनी मद्याच्या पेल्याला हातही लावला नसेल. तरीही त्या पेल्याच्या तळाशी पडलेल्या या चेरीची हकीकत सर्वांनी ऐकावी अशी आहे. घरातल्या साध्या बरणीला, सरकारी कायद्याला आणि महायुद्धालाही तिच्यात जागा आहे.

चेरी युरोपातही सर्वत्र मुळची नव्हे. रोमचा ग्रंथकार प्लिनी लिहितो, की लुकुल्लस या सेनापतीने मिथ्रिडेटिस राजावर विजय मिळवीपर्यंत, म्हणजे इसवी सनापूर्वी ७४ पर्यंत, इटलीत चेरी नव्हती. लुकुल्लसने ती काळ्या समुद्राच्या दक्षिण काठावरील पाँटस प्रांतातून आणली, आणि त्यानंतर १२० वर्षांत ती थेट ब्रिटनपर्यंत पोचली. रानटी चेरीच्या कोयी युरोपात त्याहून कितीतरी जुन्या थरांत सापडलेल्या आहेत. तेव्हा प्लिनीचे म्हणणे लागवडीच्या चांगल्या जातींपुरतेच घ्यावे. आपल्याकडे जहांगीर बादशहाने काश्मीरच्या वर्णनात असेच लिहून ठेवले आहे: अकबराने काश्मीर घेण्यापूर्वी तिथे चेरी नव्हती, ती काबूलहून आणून लावली गेली. थोडक्यात, हे फळ राज्यकर्त्यांच्या आणि फौजांच्या पाठोपाठ हिंडले. त्याला थंडी लागते. हिवाळ्यात झाड गारठले नाही तर त्याला बहर धरत नाही. म्हणून काश्मीर आणि हिमाचल त्याला मानवले, सह्याद्री मानवला नाही.

चेरीच्या दोन मोठ्या जाती आहेत. एक गोड, जी आपल्या बाजारात मे-जूनमध्ये छोट्या खोक्यांतून येते. दुसरी आंबट, जिला फारसीत आलुबालू म्हणतात. आंबट चेरीचाच एक लहान, काळपट तांबडा आणि तुरटसर प्रकार दाल्मेशियाच्या किनाऱ्यावर होतो. त्याचे नाव मारास्का. कडू या अर्थाच्या लॅटिन शब्दापासून हे नाव आले. नुसते तोंडात टाकावे असे ते फळ नव्हे. शिवाय ते इतके नाजूक, की झाडावरून उतरवले की दोन-तीन दिवसांत पाणी सोडू लागते. ज्या फळाचा हंगाम चार आठवड्यांचा आणि आयुष्य चार दिवसांचे, ते वर्षभर कसे टिकवावे हा प्रश्न तिथल्या गृहिणींपुढेही होता आणि मठातल्या साधूंपुढेही होता. कैरी दिसली की आपल्या आज्यांचा हात मिठाकडे जाई, तसा तिथे तो साखरेकडे आणि मद्यार्काकडे गेला.

दाल्मेशियातील झादर या गावच्या डोमिनिकन मठात सोळाव्या शतकात या फळाचा गोड अर्क काढीत असत, असे सांगतात. १७५९ मध्ये फ्रान्चेस्को द्रिओली याने त्याचा कारखाना काढला. पुढे १८१७ मध्ये जिरोलामो लुक्सार्दो नावाचा गृहस्थ सार्डिनियाच्या राजाचा वकील म्हणून त्या गावी आला. त्याची पत्नी मारिया कानेवारी हा अर्क घरी फार उत्तम करी. घरची ही करामत पाहून लुक्सार्दोने १८२१ मध्ये कारखाना काढला, आणि १८२९ मध्ये त्याला ऑस्ट्रियाच्या सम्राटाकडून खास सनद मिळाली. सनदेवर नाव नवऱ्याचे आहे, पण चव स्वयंपाकघरातली होती, ही गोष्ट आपल्याकडच्या लोणची-पापडांच्या कारखान्यांचा इतिहास जाणणाऱ्यांना नवी वाटणार नाही.

या मद्याला मारास्किनो म्हणतात. ते तांबडे असेल असे आपल्याला वाटते, पण ते पाण्यासारखे स्वच्छ असते. फळ, त्याची बी, देठ आणि पाने मद्यार्कात मुरवतात, मग ऊर्ध्वपातनाने अर्क उतरवून घेतात आणि तो अ‍ॅश नावाच्या झाडाच्या लाकडी पिंपांत ठेवतात, कारण ते लाकूड अर्काला रंग देत नाही. नंतर त्यात साखर मिसळतात. गवताच्या विणलेल्या वेष्टनातल्या त्याच्या बाटल्या युरोपभर जात. आणि त्याच मारास्किनोत मारास्काची फळे मुरत ठेवली, म्हणजे झाली मारास्किनो चेरी. फळ आणि ते ज्यात बुडाले तो अर्क, दोन्ही एकाच झाडाचे. या पदार्थाची सारी थोरवी एवढ्या एका गोष्टीत होती.

आता अमेरिकेकडे वळू, कारण या चेरीचे नाव तिथे गेले आणि पुन्हा परत आले नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतील हॉटेलांत निरनिराळी मद्ये मिसळून केलेल्या कॉकटेल या पेयाची चलती झाली. व्हिस्की आणि गोड व्हर्मूथ यांच्या मिश्रणाला तिथे मॅनहॅटन म्हणतात. त्याच्या तळाशी एक चेरी टाकण्याची रीत पडली. आयात केलेली फळे महाग आणि थोडी. मागणी मात्र वाढतच चाललेली. तेव्हा १८९६ च्या सुमारास तिथल्या कारखानदारांनी आपल्याच मुलखातल्या रॉयल अ‍ॅन नावाच्या मोठ्या, फिकट पिवळ्या, गोड चेरीवर प्रयोग सुरू केले.

या रॉयल अ‍ॅनचीही एक कथा आहे. १८४७ मध्ये हेंडरसन ल्युएलिंग नावाचा रोपवाटिकावाला आयोवाहून पश्चिम किनाऱ्यावरील ऑरेगनला निघाला. बैलगाडीत मातीने भरलेल्या पेट्या, आणि पेट्यांत शेकडो कलमे. त्यांतच युरोपातील नेपोलियन जातीची चेरी होती. वाटेत तिची चिठ्ठी हरवली आणि नव्या मुलखात तिला नवे नाव मिळाले, असे म्हणतात. एका सम्राटाची राणी झाली! त्याच्याच भावाने, सेथने, १८७५ च्या सुमारास जी गडद चेरी तयार केली, तिला त्याने आपल्या बागेवरच्या चिनी मुकादमाचे, आह बिंगचे नाव दिले. बिंग चेरी आज साऱ्या अमेरिकेत खातात. आह बिंग मात्र आपल्या माणसांना भेटायला चीनला गेला तो परत येऊ शकला नाही, कारण १८८२ च्या कायद्याने चिनी मजुरांना अमेरिकेची दारे बंद केली होती, अशी त्या घरातली हकीकत आहे. फळ देशात राहिले, ज्याचे नाव फळाला मिळाले तो माणूस बाहेर राहिला.

तर या रॉयल अ‍ॅनला मारास्काची चव कशी आणायची? कारखानदारांनी एक युक्ती हेरली. मारास्किनोला जो खास वास येतो, तो बराचसा चेरीच्या बीचा असतो, आणि कडू बदामाचाही वास तोच. चेरी, जर्दाळू, पीच, बदाम ही सारी एकाच कुळातली भावंडे. तेव्हा मद्य कमी करून कडू बदामाचे तेल घातले, लाल रंग दिला, साखरेचा पाक ओतला, आणि बाटलीवर मारास्किनो चेरी असे छापले. मारास्काही नाही आणि मारास्किनोही नाही.

सरकारला हे खपले नाही. अन्न व औषधांच्या शुद्धतेचा कायदा तिथे १९०६ मध्ये झाला होता. त्याच्या आधारे १९१२ च्या फेब्रुवारीत अमेरिकेच्या शेतकी खात्याने निर्णय दिला, की मारास्किनो मद्यात मुरवलेल्या मारास्का चेरीलाच हे नाव लावता येईल. रॉयल अ‍ॅनला रंग देऊन पाकात बुडवणाऱ्याने बाटलीवर 'नकली' हा शब्द लिहिलाच पाहिजे. एका चिमुकल्या फळाच्या नावासाठी सरकारने असा आग्रह धरावा, हे मला फार मोलाचे वाटते. खाणाऱ्याला आपण काय खातो ते कळले पाहिजे, एवढेच त्यामागचे तत्त्व होते.

पुढे १९२० मध्ये अमेरिकेत दारूबंदी आली, ती १९३३ पर्यंत टिकली. मद्यच बेकायदा ठरल्यावर मद्यात मुरलेली चेरी कुठली मिळणार? बिनदारूची पाकातली चेरी दारूबंदीमुळे जन्मली असे पुष्कळ ठिकाणी लिहिलेले आढळते, पण ते बरोबर नाही. तिचा जन्म आधीच झालेला होता, हे वर आलेच आहे. दारूबंदीने एवढेच केले, की तिचा प्रतिस्पर्धी नाहीसा झाला.

त्याच दशकात ऑरेगनच्या शेतकी महाविद्यालयात अर्नेस्ट वीगांड हे प्राध्यापक एका वेगळ्याच काळजीत होते. त्या खोऱ्यातल्या शेतकऱ्यांची रॉयल अ‍ॅन चेरी खारवताना गळून लगदा होई, आणि युरोपातून येणारे खारवलेले फळ बाजार मारून नेई. वीगांड यांनी गंधकाच्या वायूने युक्त अशा पाण्यात चुन्याचे क्षार योग्य प्रमाणात घालून फळ घट्ट ठेवण्याची रीत बसवली. आपल्या वाचकांना यातले मर्म सांगायला नको. कोहळ्याच्या फोडी चुन्याच्या निवळीत ठेवल्या म्हणजे पेठा पाकात विरघळत नाही, त्यातलाच हा प्रकार. चुना फळातल्या पेक्टिनला धरून ठेवतो. गंधक फळाला टिकवते, आणि त्याचा रंगही पार काढून घेते. पांढरट पिवळे, बेचव झालेले ते फळ मग धुऊन, बी काढून, रंगवून, पाकात मुरवतात. म्हणजे आधी फळातले फळपण काढून टाकायचे आणि मग बाहेरून ते पुन्हा घालायचे. असे असूनही वीगांड यांना मी दोष देणार नाही. शेतकऱ्याचा माल सडू नये यासाठी त्यांची खटपट होती, आणि ती सफळ झाली.

आणि मग १९४० च्या सुमारास अमेरिकी सरकारने माघार घेतली. लाल रंग दिलेल्या, साखर मुरवलेल्या, कडू बदामाच्या वासाच्या पाकातल्या चेरीलाच लोक आता मारास्किनो चेरी म्हणतात, तेव्हा तेच तिचे रूढ नाव समजावे, असे ठरले. 'नकली' हा शब्द बाटलीवरून पुसला गेला. जे नाव १९१२ मध्ये राखून ठेवले होते, ते अठ्ठावीस वर्षांत सुटले.

नाव गेले त्यानंतर तीन वर्षांतच गावही गेले. झादर हे बंदर शतकानुशतके व्हेनिसचे, नंतर ऑस्ट्रियाचे, आणि १९२० च्या तहानंतर इटलीचे होते. इटालियन त्याला झारा म्हणत. दुसऱ्या महायुद्धात १९४३ च्या नोव्हेंबरपासून पुढचे वर्षभर दोस्त राष्ट्रांच्या विमानांनी त्यावर पुनःपुन्हा बाँब टाकले. जुने गाव बहुतेक जमीनदोस्त झाले, आणि लुक्सार्दोंचा कारखानाही उद्ध्वस्त झाला. १९४४ मध्ये त्या घराण्यातील पिएत्रो, निकोलो आणि निकोलोची पत्नी बियांका यांनी प्राण गमावले. गाव युगोस्लाव्हियाकडे गेले. इटालियन बोलणारी माणसे हजारोंनी घरदार टाकून निघाली.

घराण्यातला जॉर्जो लुक्सार्दो वाचला. हाती कारखाना नाही, गाव नाही, आणि मुख्य म्हणजे झाड नाही. मारास्काखेरीज मारास्किनो कसला? इथे एका शिक्षकाने वाट दाखवली. फ्लॉरेन्स विद्यापीठातील अलेस्सांद्रो मोरेत्तिनी या प्राध्यापकांनी अभ्यासासाठी दाल्मेशियाच्या मारास्काची रोपे पूर्वीच जतन करून ठेवली होती. त्या रोपांवरून पादुआजवळच्या टेकड्यांत बागा उठल्या आणि १९४७ मध्ये तोर्रेल्या या गावी कारखाना पुन्हा सुरू झाला. तिकडे झादरमध्ये उरलेल्या कारखान्यांतून मारास्का या नावाची संस्था उभी राहिली. १९९१ पासून ते गाव स्वतंत्र क्रोएशियात आहे. असे एका झाडाचे दोन संसार झाले, आणि दोन्हीकडे आजही मारास्किनो होते. निर्वासितांनी गठुड्यात काय काय बांधून नेले याच्या हकीकती आपल्याकडे फाळणीने पुष्कळ दिल्या आहेत. इथे घराण्याला पुन्हा उभे करणारी वस्तू एका प्राध्यापकाच्या रोपवाटिकेत वाट पाहत होती.

रंगवलेल्या चेरीचे पुढचे आयुष्य रंगाच्या भानगडीत गेले. तिला वापरीत असलेला एक तांबडा रंग इतर खाद्यपदार्थांत बंद झाल्यावरही चेरीत चालू ठेवला होता. चेरी ही शोभेची वस्तू, ती कोण पोटभर खातो, असा विचार त्यामागे होता. तो १९७६ मध्ये बंद झाला. एरिथ्रोसिन हा दुसरा रंग कारखानदारांच्या आवडीचा, कारण आंबट पाकात तो विरघळत नाही आणि डब्यातल्या शेजारच्या फळांना डाग पाडीत नाही. त्याची खाद्यपदार्थांतली परवानगी अमेरिकेने १५ जानेवारी २०२५ रोजी रद्द केली आणि उत्पादकांना जानेवारी २०२७ पर्यंत मुदत दिली.

गेल्या काही वर्षांत तिकडे पुष्कळ लोक ही चेरी पुन्हा घरी करू लागले आहेत. रीत इतकी सोपी आहे, की कारखान्यांनी शंभर वर्षे एवढा खटाटोप का केला असे वाटावे. अर्धा किलो आंबट चेरी धुऊन देठ आणि बिया काढाव्यात. पाव किलो साखर, पाव लिटर पाणी, एका लिंबाचा रस, दालचिनीचा बोटभर तुकडा आणि जायफळाची चिमूट यांचा पाक दहा मिनिटे मंद आचेवर ठेवावा. दालचिनी काढून पातेले खाली उतरवावे आणि मगच त्यात पाव लिटर मारास्किनो ओतावे. उकळत्या पाकात ओतले तर मद्यार्क वाफेबरोबर उडून जातो. त्यात चेरी टाकून, निवल्यावर स्वच्छ कोरड्या बरणीत भरून फ्रिजमध्ये दोन आठवडे मुरू द्याव्यात. ज्यांना मद्य नको, त्यांनी पाण्याच्या आणि मारास्किनोच्या जागी डाळिंबाचा रस आणि बदामाच्या अर्काचे दोन थेंब घालावेत. ही बरणी मात्र लवकर संपवावी. वासासाठी चेरीच्याच बिया कुटून घालण्याच्या मोहात कोणी पडू नये. त्यांतून विषारी सायनाइड सुटते. आपल्याकडे आंबट चेरी मिळत नाही. काश्मिरी गोड चेरी घेतली तर लिंबू दुप्पट करावे. हे फळ लालभडक होत नाही. ते काळपट तांबडे राहते, आणि तेच त्याचे खरे रूप.

आता पुन्हा आपल्या करवंदाकडे येतो. सह्याद्रीच्या घाटांत एप्रिल-मेमध्ये जांभळट काळी करवंदे पानांच्या द्रोणांत घेऊन कातकरी, ठाकर बाया बसतात. डोंगरची काळी मैना म्हणून जिचे कौतुक करतो, तिचा द्रोण घेताना आपण घासाघीस करतो. आणि तेच फळ लाल रंगात बुडून चेरी म्हणून आले की केकवर मानाच्या जागी बसवतो. मारास्काचे नाव दुसऱ्यांनी नेले. करवंदाचे नाव आपण आपल्याच हातांनी काढून घेतले. नाव गेले की मागोमाग भाव जातो, आणि तो कोणाच्या पदरातून जातो हे त्या द्रोणांपाशी उभे राहिले की दिसते.

म्हणून मी उन्हाळ्यात एक बरणी घरी करतो. लाली धरलेली पण अजून कडक अशी करवंदे घेतो, देठ खुडून चीक जाण्यासाठी रात्रभर मिठाच्या पाण्यात ठेवतो, उभा छेद देऊन बिया काढतो आणि उकळत्या पाण्यातून एकदा काढून घेतो. मग एकतारी पाकात टाकतो. आवळ्याच्या मुरांब्याला करतात तसे चार दिवस रोज पाक निथळून, थोडा आटवून, निवला की परत ओततो. चार-दोन पिकली करवंदे चिरडून त्यांचा रस पाकात गाळला की रंगही त्यांचाच मिळतो. दिवाळीपर्यंत बरणी टिकली, तर फराळाच्या ताटात श्रीखंडावर एकेक फळ ठेवतो. बरणीवर चिठ्ठी चिकटवतो, तिच्यावर साल लिहितो, आणि ठळक अक्षरांत लिहितो: करवंद.